एम-१ गॅरंड, नऊ महिन्यांनंतर: लाकूड नंतर, आधी बॅरल बघा

गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची रायफल, घरी येऊन नऊ महिने झाले, सहाशेच्या आसपास गोळ्या झाल्या असतील, आता लिहायला हरकत नाही. मी ओहायोत राहतो. लहानपणी नाशिकला एनसीसीत .२२ चालवली होती तेवढाच काय तो अनुभव, इथे सिटिझन झाल्यावर जुन्या मिलिटरी रायफल्सचा नाद लागला.

पहिली गॅरंड एका गन शोमध्ये हातात घेतली. विकणारा म्हणाला ही १९४४ ला नॉर्मंडीत उतरलेली, आणि त्या गोष्टीपायी ३०० डॉलर जास्त. मी पैसे काढणारच होतो, तेवढ्यात बरोबरच्या मित्राने रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो ती मुख्य धातूची चौकट) नंबर वाचायला लावला. स्प्रिंगफील्ड आर्मरी (अमेरिकन सरकारचा शस्त्र कारखाना), ४३ लाखांच्या घरातला. स्प्रिंगफील्डचे ४२ लाखांपासून पुढचे नंबर कोरिया युद्धाच्या काळातले किंवा त्यानंतरचे आहेत, म्हणजे नॉर्मंडीच्या वेळी ती रायफल बनलीच नव्हती! तेव्हापासून गोष्ट ऐकायच्या आधी मी नंबर बघतो. आणि कोणी 'ऑल मॅचिंग नंबर' म्हणालं तर सरळ पुढे चला, कारण गॅरंडला सिरियल नंबर फक्त रिसीव्हरवर असतो, बाकी पार्टवर ड्रॉइंग नंबर, म्हणजे त्या पार्टच्या आराखड्याचा. युद्धानंतर आर्सेनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रागारात, या रायफल्स खोलून जो पार्ट हाताला लागेल तो बसवलाय, त्यामुळे मिक्स पार्ट असणं हेच नॉर्मल.

शेवटी माझी मी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रामकडून (सैन्याच्या जुन्या रायफल्स नागरिकांना विकणारी संस्था) घेतली, सर्व्हिस ग्रेड, म्हणजे वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली. कागदपत्रं लागतात, सिटिझनशिप, क्लबची मेंबरशिप वगैरे, पण रायफल तपासलेली मिळते.

आता मुख्य मुद्दा, बॅरल. गॅरंडचा रिसीव्हर मागून बंद, म्हणून क्लीनिंग रॉड पुढून, मझलमधूनच (नळीचं पुढचं तोंड) घालावा लागतो. सैनिकांनी वर्षानुवर्षं घाईघाईत रॉड घासलाय, त्यामुळे कित्येक रायफल्सचं मझल गोळ्यांपेक्षा रॉडनेच जास्त झिजलंय. झीज मोजायच्या गेजने मझल आणि थ्रोट (गोळी जिथून नळीत शिरते तो मागचा भाग) दोन्ही मोजून घ्या, आकडा कमी तितकी झीज कमी. माझं मझल २ आणि थ्रोट ४ भरलं, १०० यार्डवर आठ गोळ्या साडेतीन इंचात बसतात, दुर्बीण न लावता, लोखंडी साइटवर मला हे भरपूर आहे. ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागेपुढे करणारा लांब दांडा) मागे ओढला की बॅरलच्या उजव्या अंगाला ती बनल्याचं महिना-वर्ष दिसतं, तेही वाचा.

वापरायला वजनदार, रिकामी ४.३ किलो, पण त्याच वजनामुळे .३०-०६ या तिच्या गोळीचा धक्का खांद्याला झेपतो. आठ गोळ्यांची क्लिप वरून दाबायची, शेवटची सुटली की क्लिप टिंग करून बाहेर उडते. भरताना तळहाताच्या कडेने ऑपरेटिंग रॉडचं हँडल मागे धरून ठेवा, दुसऱ्याच आठवड्यात माझ्या अंगठ्यावर बोल्ट आला आणि नख महिनाभर काळं होतं. गोळ्या १५० ग्रेनच्या, एम-२ बॉलच्या (सैन्याची तेव्हाची नेहमीची गोळी) तोडीच्याच घ्या, शिकारीच्या जड बुलेटच्या गोळ्यांनी ऑपरेटिंग रॉड वाकू शकतो. सैन्याच्या जुन्या सरप्लस गोळ्यांचं प्रायमर करोझिव्ह, म्हणजे गंज आणणारं, असू शकतं, त्या वापरल्या तर त्याच दिवशी बॅरल आणि गॅस सिलेंडर धुवायचंच, उद्यावर टाकलं की गंज. बोल्टच्या रोलरला आणि रॉड जिथे जिथे घासतो तिथे ग्रीस हवं, नुसत्या तेलाने भागत नाही. माझी नऊ महिन्यांत दोनदाच अडकली, दोन्ही वेळा क्लिप वाकडी होती.

लाकडाबद्दल मात्र हात जोडून सांगतो, पॉलिशपेपर लावू नका. माझ्या स्टॉकवर डाव्या बाजूला एक खोल खाच आहे आणि ग्रिपवर गोलात पुसट 'पी', प्रूफ फायरिंगचा, म्हणजे कारखान्यातल्या चाचणीचा, शिक्का. मी ओळखतो अशा एकाने स्टॉक घासून आरशासारखा केला आणि शिक्का कायमचा गेला, बघून जीव तुटला. मी फक्त जवसाचं तेल लावतो, नाशिकला बॅटला लावायचो तेच, बोटांनी, अगदी पातळ, आणि रात्रभर ठेवून सकाळी सुती फडक्याने पुसतो. तीनदा लावल्यावर खाचेच्या आतलं अक्रोडाचं लाकूड लालसर दिसायला लागलं. घरात मुलं आहेत, त्यामुळे रायफल तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कुलपात.

आता इव्हान्सव्हिलला बनलेली इंटरनॅशनल हार्वेस्टरची शोधतोय, ट्रॅक्टरवाल्यांनी रायफल कशी बनवली ते उघडून बघायचंय. गेज खिशातच असतं.