जहाज की गच्ची: चोरटं रेडिओ केंद्र बंद पाडणं कुठे सोपं?

1964 साली रेडिओ कॅरोलाइन या विनापरवाना केंद्राच्या जहाजाने ब्रिटनच्या 3 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर नांगर टाकला. मध्यम लहरींसाठी उंच मनोरा, जनरेटर, डिझेल, शिवाय माणसांना अन्नपाणी. सगळं किनाऱ्यावरून येणार. म्हणून 1967 च्या कायद्याने ब्रिटिश नागरिकांनी रसद, जाहिरात पुरवणं किंवा तिथे काम करणं हाच गुन्हा ठरवला.

लंडनच्या उंच इमारतींवरच्या एफएम केंद्रांना अशी दुखरी नस नाही. गच्चीवर फक्त ट्रान्समीटर आणि अँटेना. स्टुडिओ दुसरीकडे, मायक्रोवेव्ह लिंकने, म्हणजे बिनतारी दुव्याने जोडलेला. छाप्यात ट्रान्समीटरची पेटी जाते, माणसं सुटतात, नवी पेटी बसते. त्यात आउटपुटला फिल्टर नसला, तर भलतेच सिग्नल एफएम पट्टा संपतो त्या 108 मेगाहर्ट्झच्या वर, थेट विमानांच्या संभाषणात घुसतात. लिंकचा माग काढत स्टुडिओ गाठणं वेळखाऊ, तरी पेट्या गोळा करण्यापेक्षा बरं.