सॅन्ट्रोचं इंजिन बदलणार होतो, हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कामावर भागलं (धुळे, पारोळा रोडचं गॅरेज)

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते खाली लिहितो.

गाडी २०११ ची सॅन्ट्रो झिंग, पेट्रोल. मालेगावहून येताना लळिंग घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला भिडला, तिथंच साईडला घेऊन बंद केली आणि टोचन करून धुळ्यात आणली. पहिल्या गॅरेजवाल्याने (नाव नको) बोनेट उघडून नुसतं पाहिलं आणि सांगून मोकळा, इंजिन गेलं भाऊ, सेकंडहँड टाकून देऊ, ४० हजार. अहो गाडी विकायला काढली तर लाख सुद्धा कोणी देणार नाही आणि ४० हजाराचं इंजिन, ते पण कुठल्या ॲक्सिडेंटच्या गाडीचं, किती पळालेलं, काय गॅरंटी?

मग मित्राने या आप्पांकडे पाठवलं. मी आल्या आल्या इंजिनचा रेट विचारला तर म्हणे, "थांब भो, माले पहिले देखू दे." आधी डिपस्टिक काढली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं नाही. मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं, दोन आणि तीन नंबर सिलिंडर दोघं कमी. त्यात प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत मोजलं तरी आकडा वाढला नाही. पिस्टनची रिंग गेलेली असती तर ऑइलने वाढला असता, म्हणून रिंग-पिस्टन ठीक, दोघांच्या मधलं हेड गॅस्केट (हेडखालचं पातळ सील) उडालं असणार असं ते बोलले, आणि हेड उघडल्यावर गॅस्केट बरोबर तिथंच जळालेलं निघालं. हेडवर पट्टी आडवी ठेवून मला खालून फट दाखवली. या इंजिनचा ब्लॉक (खालचा भाग) बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे तापलं की आधी हेडच वाकतं.

हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), नवीन गॅस्केट, उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट पण, आणि रेडिएटर, कारण खरं मूळ तिथं होतं, बोअरचं पाणी टाकून टाकून आतल्या नळ्या खाराने बुजलेल्या. आधीच्या कोणीतरी थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) पण काढून फेकला होता, आपल्याकडे गाडी गरम झाली की हाच इलाज करतात, आप्पांनी नवीन बसवला आणि कूलंट भरला. सगळं मिळून १४ हजारात.

आप्पांनी हे पण स्पष्ट सांगितलं की सिलिंडरला आतून ओरखडे असते किंवा क्रँकचा आवाज येत असता तर मीच इंजिन बदल म्हटलो असतो. पण बदललं की इंजिन नंबर बदलतो, टाकलेल्या सेकंडहँड इंजिनचं बिल-कागद पाहिजे, आरटीओत आरसीवर चढवा, इन्शुरन्सला कळवा, आणि २०११ च्या गाडीला १५ वर्षांनी आरसी रिन्यूचे ५ हजार वेगळेच. एवढं तिच्यात घालायचं का हा विचार ज्याने त्याने करावा, मला गावात आणि शेतात जायला पुरते.

आता कापलेला स्टार. दोन दिवस सांगून आठवडा लावला, फोन उचलत नाहीत, बिल म्हणजे वहीचं पान. बसायला एक बाकडं, ते पण उन्हात, मे महिन्यात जाऊन बघा म्हणजे कळेल. पण जुने पार्ट गोणीत भरून परत दिले, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. जायचं तर सकाळी लवकर जा, नंतर पिकअपवाल्यांची लाईन लागते.