फुल रेसला दम सोडणारे आऊटबोर्ड आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत चालणाऱ्या आमच्या अठरा फुटी फायबर होडीला पंधरा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन आहे. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर ते फुल रेस धरेनासे झाले, तेव्हा टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये मी दहा मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला, पेट्रोलमधले पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून घेतला. गणपतीपासून तो सतत वापरात आहे आणि मी त्यावर समाधानी आहे. मात्र तो कोणत्या दुखण्यावरचा उपाय आहे आणि कोणत्या नाही, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे.

इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू होत असे आणि निम्म्या रेसपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती. पूर्ण रेस दिली की होडी नीट उचलत असे, पण थोड्याच वेळात आवाज बसू लागे, इंजिन मिस मारू लागे, आणि रेस कमी केली की सारे पुन्हा सुरळीत होई. देवबागच्या संगमावर नदीचा ओघ आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. तिथे मागून लाट चढत असताना इंजिनाने दम सोडला तर होडी आडवी होण्याचे भय असते, त्यामुळे हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नव्हते.

दोष पूर्ण रेसलाच का दिसतो, याचे उत्तर पेट्रोलच्या खपात आहे. हळू चालताना या आकाराच्या इंजिनाला अगदी थोडे पेट्रोल पुरते, फुल रेसला मात्र ताशी सहा-सात लिटर लागते. नळीत अर्धवट अडथळा असला तरी पहिली गरज भागते आणि दुसरी भागत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन जोरात चालते आणि मग उपाशी पडते. म्हणून फिल्टर विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. इंजिन बसू लागले की त्याच क्षणी सोबत्याला नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबायला सांगावे. आवाज लगेच उठला, तर पुरवठा कमी पडतो आहे हे नक्की समजावे. फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा नळी यांत आहे. फुगा कधीच घट्ट होत नसेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातला वाल्व गेला आहे. आणि फुगा घट्ट असून, दाबल्यावरही काही फरक पडत नसेल, तर कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र), प्लग, कॉइल किंवा होडी ढकलणारा पाण्यातला पंखा यांच्याकडे वळावे; तिथे फिल्टरचा काहीही उपयोग नाही.

पंख्याबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण बंदरावर अनेक जण त्याचा दोष पेट्रोलवर ढकलतात. इंजिन न अडखळता, एकसारख्या आवाजात, पण कमी फेऱ्यांवर अडून राहत असेल, तर तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले, जास्त वजन किंवा जास्त पिचचा (एका फेरीत जास्त अंतर कापू पाहणारा) पंखा हे कारण असू शकते. पिच एक इंचाने कमी केला की मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. उलट फेरे भराभर वाढतात आणि होडीचा वेग मात्र वाढत नाही, तेव्हा पंख्याच्या मधला रबर घसरत असतो किंवा पंख्याला हवा लागत असते.

आमच्याकडे फुगा दाबताच इंजिन उठत होते. मेस्त्रींनी टाकीतले तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढले, तेव्हा दोन थर स्पष्ट दिसले : वर पिवळसर पेट्रोल आणि खाली गढूळ पाणी. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषते; ते पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत विरघळलेले राहते आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसते. टू-स्ट्रोकमध्ये हे अधिक घातक असते, कारण त्याचे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते; त्या तळाच्या थरात ते जवळजवळ नसते आणि तोच थर इंजिनात गेला तर पिस्टन कोरडा चालतो.

टाकी धुऊन, जुनी नळी बदलून हा फिल्टर लावल्यापासून फुल रेसचा त्रास गेला. सुरुवातीच्या काळात वाटीच्या तळाशी पाण्याचे मणी आणि तांबूस गाळ साचत असे, कारण इथेनॉल जुना चिकटा सोडवून आणते. फिल्टरमधले पहिले काडतूस (गाळणारा, बदलता येणारा भाग) त्यामुळे लवकर बदलावे लागले, दुसरे अजून चांगले आहे. निघण्यापूर्वी वाटीकडे नजर टाकायची आणि पाणी दिसले तर खालची तोटी उघडून बाटलीत काढायचे, एवढेच काम राहते. या पारदर्शक वाटीसाठीच मी हा प्रकार सुचवीन; बंद डब्याच्या फिल्टरात आत काय चालले आहे ते कळत नाही.

उणिवाही आहेत. सोबत आलेले तोंड आमच्या नळीपेक्षा जाड निघाले आणि जोड वेगळा आणावा लागला. प्रत्येक नवा जोड म्हणजे हवा शिरण्याची नवी जागा असते. म्हणून स्टीलच्या चांगल्या क्लिपा लावाव्यात आणि फुगा दाबून घट्ट राहतो का ते पाहावे. फिल्टरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यावर खारे पाणी बसून गंजाची पांढरी पूड धरते, तिला गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात द्यावा लागतो. फिल्टर उभाच, उन्हापासून आडोशाला आणि बाणाच्या दिशेनेच बसला पाहिजे. प्लास्टिकची वाटी आगीत टिकत नाही, त्यामुळे ज्या बोटींचे इंजिन आतल्या बंद खणात असते, त्यांनी ती मुळीच वापरू नये.

पेट्रोलमध्ये विरघळलेली ओल मात्र हा फिल्टर अडवत नाही, वेगळे झालेले पाणीच तो धरतो. म्हणून टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवून फिल्टरच्या भरवशावर राहू नये. यंदा एक जूनला बंदी लागण्यापूर्वी मी टाकी पूर्ण रिकामी करणार आहे, नळी काढून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन बादलीत चालवणार आहे, आणि काडतूस काढून वाटी कोरडी करून ठेवणार आहे. नवे काडतूस ऑगस्टमध्ये होडी पाण्यात घालतानाच बसवीन.