वाग्नरची ‘रिंग’ आणि शोल्टीचा संच: काही महिने ऐकल्यानंतर

जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरा-मालिकेचं, संचालक जॉर्ज शोल्टी आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण गेले काही महिने ऐकतोय. चार ऑपेरा, साधारण पंधरा तास. ध्वनिमुद्रण १९५८ ते १९६५ मधलं, पण आवाज आजही खणखणीत. ‘राइनगोल्ड’ या पहिल्या ऑपेरात पाताळात उतरताना वाग्नरने १८ ऐरणी मागितल्यात, आणि इथे खऱ्याखुऱ्या ऐरणी ठोकल्यात. वाद्यवृंद मागे सरतो, नुसते घण उरतात. रात्री स्पीकरवर लावू नका, शेजारी दार वाजवतील.

संहिता हातात नसेल तर मात्र कंटाळाल. संगीत नाटकासारखी वन्समोअर घेणारी पदं इथे नाहीत. तलवार, अंगठी, देवांचा महाल, प्रत्येकाची एक छोटी धून, आणि पात्रं बोलत नाहीत ते वाद्यवृंद बोलून टाकतो. ‘वाल्क्युरे’ या दुसऱ्या ऑपेराच्या पहिल्या अंकात नायिका झीग्लिंडं आपल्या लग्नात अचानक आलेल्या म्हाताऱ्याची हकीकत सांगते. नाव घेत नाही. पण तिच्या गाण्याखाली देवांच्या महालाची धून हळूच सरकते आणि आपल्याला कळतं: हा देवांचा राजा वोटान, तिचा बाप! हे ध्यानात आलं त्या दिवसापासून मी संच सोडलेला नाही.

‘सीगफ्रीड’ या तिसऱ्या ऑपेराचा पहिला अंक अजूनही जड जातो. तिसरा मात्र वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखा दाट, भरलेला. वाग्नरने १८५७ मध्ये दुसऱ्या अंकात काम थांबवलं, मधल्या काळात ‘ट्रिस्टान’ आणि ‘माइस्टरसिंगर’ हे दुसरे ऑपेरा पुरे केले आणि १८६९ मध्ये तिसऱ्याला हात घातला. ती बारा वर्षं कानाला कळतात.

त्याच १८६९ मध्ये त्याने ज्यूंविरुद्धचा आपला जुना लेख पुन्हा छापला. १८५० मध्ये टोपणनाव घेतलं होतं, या वेळी उघड स्वतःच्या नावाने. बव्हेरियाच्या राजाच्या पैशावर जगणारा, कर्जबुडवा, वर हे. संगीत आवडतं म्हणून मी याच्यावर पांघरूण घालणार नाही.

गायकांत बिर्गिट निल्सनची ब्र्युनहिल्डं, म्हणजे वोटानची लाडकी लेक, ऐकाच. एवढ्या वाद्यांवरून आवाज सुरीसारखा पार जातो. हान्स हॉटरचा वोटान ‘वाल्क्युरे’मध्ये थोडा थकलेला वाटतो, पण याच लेकीचा निरोप घेताना तो थकवाच कामी येतो.

सुरुवात ‘वाल्क्युरे’च्या पहिल्या अंकापासून करा, तासाभराचं काम आहे. ॲपवर ऐकणार असाल तर दोन ट्रॅकच्या मध्ये आवाज तुटत नाही ना, ते आधी तपासा. ‘राइनगोल्ड’ सुमारे अडीच तास सलग चालतं, मध्ये पडदा पडतच नाही.