पतंगांच्या नोंदींसाठी आयनॅचरलिस्ट ॲप: साडेचार स्टार

फुलपाखरांमागे सगळेच कॅमेरे घेऊन धावतात, पतंगांना कोण विचारतंय! भारतात फुलपाखरांच्या जाती साधारण तेराशे आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर, म्हणजे खरी मजा रात्री ओट्यावरच्या दिव्यापाशी आहे, म्हणून हे ॲप घेतलं आणि आता पावसाळाभर घरात हाच उद्योग. फुकट आहे, जाहिराती नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, आता ना-नफा संस्था चालवते.

फोटो, तारीख, जागा एवढं दिलं की ॲप स्वतःच नाव सुचवतं. कण्हेरीवरचा तो हिरवा-गुलाबी हॉकमॉथ असेल तर काम झटक्यात होतं (कुंडीत कण्हेर असेल तर अळी पाहिलीच असेल, अंगावर दोन निळे डोळे रंगवल्यासारखे). उंबरावर वाढणारा असोटा पण तसाच, तपकिरी पंखावर मधोमध पांढरा ठिपका, खालचे पंख पिवळे आणि त्यावर काळे ठिपके, चुकायला जागाच नाही. पण बारके मातकट पतंग आले की सगळं अवघड, काहींची जात तर जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळतच नाही, तिथे गुमान कुळावर नाहीतर जीनसवर (जवळच्या जातींचा गट) थांबायचं. पहिलं सजेशन दिसलं की टॅप करून मोकळे होणारे लोक असतात ना, त्यांच्यामुळे निस्तरायचं काम वाढतं. सजेशन म्हणजे अंदाज, एवढं धरून चाला. दुसऱ्या कुणी बघून तीच जात सांगितली की नोंद रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी होते आणि आपण नोंदीला दिलेलं लायसन्स चालणारं असेल तर पुढे जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. आपल्या भिंतीवरचा किडा कुणाच्या तरी अभ्यासात, भारीच की!

फोटो वरून एक आणि बाजूने एक घ्या, पंखांवरची नक्षी स्पष्ट यायला हवी. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो असेल तर तारीख-जागा उडालेली असते, विचारून हाताने भरावी लागते. एलईडीवर पतंग कमीच येतात, जुनी ट्यूब असेल तर ती लावा, समोर पांढरी चादर, आणि अमावस्येच्या आसपासची दमट रात्र मिळाली तर सोन्याहून पिवळं. घरच्या नोंदींना लोकेशन धूसर ठेवायचा ऑप्शन आहे तो वापरा, नाहीतर घराची जागा नकाशावर सगळ्यांना दिसते. सोबत मॉथ्स ऑफ इंडिया ही वेबसाइट उघडी असू द्या, कुळाकुळाने फोटो चाळता येतात, डोळा तिथेच तयार होतो.

अर्धा स्टार कापला तो मराठी नावांसाठी, पतंगांची जवळजवळ नाहीतच, आईला दाखवताना 'तो हिरवा', 'तो घुबडासारखा' असंच चालतं. सुरुवात करायची तर जुलैच्या शेवटी नॅशनल मॉथ वीक असतो, 2012 पासून अमेरिकेतून सुरू झालेला, आता जगभर करतात, आपल्याकडे पाऊसही तेव्हा ऐन भरात.