मराठीतून संख्याशास्त्राचे व्हिडिओ: एसपीएसएस, जामोव्ही की आर? आणि संहिता लिहावी की थेट शिकवावे?

कॉलेजच्या विभागात सॉफ्टवेअरचे व्हिडिओ करायचे ठरले, की चर्चा आधी माइक आणि कॅमेऱ्यावर जाते. तो भाग सोपा आहे. पडदा रेकॉर्ड करणारे ओबीएस स्टुडिओ फुकट मिळते. साधा कॉलर माइक आणि पंखा बंद केलेली खोली मिळाली, की काम भागते. नीट विचार करायचा तो दोन गोष्टींचा: सॉफ्टवेअर कोणते घ्यायचे आणि रेकॉर्डिंगला बसण्याआधी किती लिहून ठेवायचे.

एसपीएसएसचा निकाल लवकर लावता येतो. १९६८ पासूनचे हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये आयबीएमकडे गेले. शिक्षणशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य अशा विषयांतल्या पीएचडीच्या मार्गदर्शकांना ते सवयीचे आहे. पण परवान्याला पैसे पडतात. कॉलेजच्या लॅबमध्ये ते असले, तरी घरच्या लॅपटॉपवर नसेल तर विद्यार्थी व्हिडिओ नुसता बघतो, सोबत करून बघत नाही. सॉफ्टवेअर नुसते बघून येत नाही. संस्थेचा परवाना विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मशीनपर्यंत पोचत असेल तरच एसपीएसएस घ्या.

उरतात क्लिकवर चालणारे जामोव्ही आणि कमांड टाइप करून चालवायचे आर. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्तस्रोत. जामोव्हीच्या पोटात आरच चालते, त्यामुळे उत्तरांच्या विश्वासार्हतेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो शिकवण्यात.

जामोव्हीत तक्ता समोर दिसतो, पर्यायावर टिक केली की बाजूला निकाल लगेच बदलतो. दोन गटांची टी-टेस्ट (त्यांच्या सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) तीन-चार मिनिटांत दाखवून होते आणि उरलेला वेळ पी-व्हॅल्यूचा (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) अर्थ सांगायला मिळतो. ज्याला प्रबंधातले एक प्रकरण पूर्ण करायचे आहे, त्याला हेच हवे असते. अडचण अशी, की क्लिक कॉपी करता येत नाही. माउस कुठून कुठे गेला हे प्रेक्षकाला डोळ्यांनी पकडावे लागते आणि त्यातले बरेच जण मोबाइलच्या पडद्यावर बघत असतात. म्हणून जामोव्हीच्या व्हिडिओत झूम आणि माउसभोवतीचे वर्तुळ आधीच ठरवून ठेवा, आणि प्रत्येक क्लिक तोंडाने सांगा. ‘इथे क्लिक करा’ म्हणून भागत नाही. ‘वरच्या पट्टीत अ‍ॅनालिसेस, त्यात टी-टेस्ट्स’ असे पूर्ण नाव घ्यावे लागते.

आरमध्ये हा त्रास नाही. कमांड हा मजकूर असतो, तो व्हिडिओखाली देता येतो. विद्यार्थी थांबवतो, टाइप करतो, पुढे जातो. पण आरच्या पहिल्याच तासात फार लोक गळतात. फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, स्वल्पविराम राहिला का, मोठे अक्षर लहान झाले का, यातच मुले अडकतात आणि वर लाल अक्षरांत इंग्रजी संदेश येतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तो संदेश म्हणजे आपल्याला काही येत नसल्याचा पुरावा वाटतो. म्हणून माझा आग्रह आहे, की आरच्या मालिकेत ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आणि ‘कॅनॉट ओपन फाइल’ या दोन चुका मुद्दाम करून दाखवणारा स्वतंत्र व्हिडिओ पहिल्या तिनांत असावा. संदेश वाचायचा कसा आणि त्यातला कोणता शब्द पकडायचा, हे मराठीत शांतपणे सांगणारे कुणी भेटले, तर मूल टिकते.

जुने होण्याचा धोका दोघांनाही आहे. जामोव्हीचे मेनू सरकतात, तर आरमध्ये एखादी मूळ सवयच बदलते. एप्रिल २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून फाइल वाचताना मजकुराचे स्तंभ आपोआप फॅक्टर (म्हणजे गटांची यादी) होणे बंद झाले. त्याआधीच्या व्हिडिओत, समजा, जिल्ह्यांच्या नावांच्या स्तंभाचा सारांश काढल्यावर जिल्हावार मोजणी दिसते, आज तीच कमांड फक्त ‘कॅरेक्टर’ म्हणते. २०२२ च्या ४.२.० पासून नव्या विंडोजवर देवनागरी मजकूर पुष्कळ सुरळीत चालतो, म्हणजे त्याआधी सांगितलेल्या पळवाटा आता शिकवायची गरज नाही. आवृत्तीचा क्रमांक पहिल्या वाक्यातच बोला, आणि इन्स्टॉल करण्याचा भाग वेगळा ठेवा. वरचेवर बदलतो तो तोच.

आता लिहिण्याचा मुद्दा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पद्धत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. साधारण दहा मिनिटांचा पाठ, दोन रकान्यांची संहिता (एका बाजूला पडद्यावर काय दिसते, दुसऱ्या बाजूला काय बोलायचे) आणि रेकॉर्डिंगच्या आधी नवख्या माणसाकडून तपासणी. त्यांच्याकडे आरची मालिकाही आहे. आवाज वेगळा असल्यामुळे मराठीसह भारतीय भाषांत डबिंग करता येते आणि एखादी पायरी बदलली, तर तेवढाच तुकडा नव्याने करता येतो.

थेट शिकवत रेकॉर्ड करण्यात वेगळी ताकद आहे. आलेख समोर आल्यावर शिक्षक थांबतो, ‘हा ठिपका एवढा लांब का?’ म्हणतो, माग काढतो. हे विचार करणे संहितेत सपाट होते. पण वर्गातला तास रेकॉर्ड करून त्याचे तुकडे पाडणे हा यातला सर्वांत कमकुवत पर्याय. संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे ६९ लाख वेळा झालेल्या व्हिडिओ-पाहणीचा अभ्यास केला. सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ जास्त धरून ठेवतात आणि वर्गातल्या तासाचे तुकडे लहान केले तरी तितके धरत नाहीत, असे त्यांना दिसले. करून दाखवण्याचे व्हिडिओ लोक पुन्हा पुन्हा आणि मधूनच बघतात, हेही त्यात आले. म्हणून प्रत्येक पायरीचे नाव पडद्यावर ठळक दिसले पाहिजे.

डेटा पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणाऱ्या आयरिसच्या फुलांचा घेऊ नका. २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे ३५ जिल्हे घ्या आणि लिंग-गुणोत्तराचा (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) बॉक्सप्लॉट, म्हणजे आकड्यांचा पसारा पेटीने दाखवणारा आलेख, काढा. वरच्या बाजूला रत्नागिरी (११२२) आणि सिंधुदुर्ग (१०३६) सुटे पडतात, खाली मुंबई शहर (८३२) आणि मुंबई उपनगर (८६०). कोकणातले पुरुष कामासाठी कुठे जातात हे मुलांना माहीत असते, त्यामुळे आउटलायर (असा सुटा पडलेला आकडा) ही चूक समजून पुसून टाकायची गोष्ट आहे, असा समज डोक्यात बसतच नाही. पालघर २०१४ मध्ये झाला, म्हणून या फाइलीत तो नाही, हेही सांगा.

बीएस्सी-एमएस्सीच्या संख्याशास्त्राच्या मुलांसाठी मी आर घेईन. संहिता लिहून, सहा-सात मिनिटांचे पाठ करून, आणि पाच-सहा पाठांमागे एक थेट, जरा लांब विश्लेषण ठेवून. इतर विषयांतल्या संशोधकांसाठी जामोव्ही, सगळे संहितेवर. विभागात एकच माणूस आणि एकच सुट्टी असेल, तर जामोव्हीपासून सुरुवात करा. त्यात सिंटॅक्स मोड चालू केला, की प्रत्येक निकालावर आरची कमांड दिसते, आणि पुढच्या वर्षीच्या आर मालिकेचा कच्चा आराखडा तिथूनच उचलता येतो.