फोन न उचलणारा कॉन्ट्रॅक्टर की गावचा मिस्त्री?

मावसभाऊ राहतो डोंबिवलीला, प्लॉट गुहागरकडे, तिथे घर बांधायचंय. दोन कॉन्ट्रॅक्टरना प्लॅन पाठवून महिना झाला, एक "बघतो दादा" म्हणून गायब, दुसरा ब्लू टिक देऊन गप्प. आता विचारतोय, थांबू की गावच्या मिस्त्रीला मजुरीवर काम देऊ?

खर्च म्हणाल तर मटेरियलसकट रेटमध्ये कॉन्ट्रॅक्टरचा नफा धरलेला असतोच. मजुरीवर दिलंत तर तो वाचतो, पण चिरा, वाळू, सिमेंट, सळी सगळं तुम्हीच आणायचं आणि कमी पडलं की माणसं बसून, त्यांची हजेरी तुमच्या खिशातून.

वेळेचं गणित मात्र कोकणात पावसाशी. जूनच्या आत जोतं, भिंती आणि वर छप्पर झालं नाही तर काम सरळ गणपतीनंतर, आणि जो माणूस अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधीच फोन उचलत नाही तो मे महिन्यात काय उचलणार! मिस्त्री निदान संध्याकाळी नाक्यावर सापडतो. (शेतीच्या दिवसांत तोही नाही, ते सोडा.)

अडकलात तर? स्वतःच्या जागेवर घर बांधून घेताना रेरा (बिल्डरच्या प्रकल्पांसाठीचा कायदा) उपयोगाचा नाही, ग्राहक आयोगात जाता येतं, पण हातात लेखी करार हवा. मिस्त्रीकडे तो बहुतेक नसतोच, साध्या कागदावर तरी लिहून घ्या.

गावात काका किंवा कोणी रोज बघणारं असेल तर मिस्त्री. कोणीच नसेल तर कॉन्ट्रॅक्टरच, पण उत्तर देणारा तिसरा शोधा, आणि पैसे जोतं, लिंटल (दार-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब असे टप्प्याटप्प्यानेच.